निनावी फंक्शन: शेततळ्याच्या खुणा काढता काढता

चांदवडकडे आमच्या मामांच्या मळ्यात एक शेततळे आहे. काठोकाठ भरले की तीन मीटर खोल. गेल्या उन्हाळ्यात मामांनी फोनवर विचारले, "काठी दीड मीटर दाखवतेय. म्हणजे निम्मं पाणी उरलं ना?"

निम्मे नव्हते. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, तळ अरुंद आणि तोंड रुंद. वरच्या दीड मीटरमध्ये जितके पाणी मावते तितके खालच्या दीड मीटरमध्ये मावत नाही. हिशेब केला तर अर्ध्या खोलीला जेमतेम चाळीस टक्के पाणी निघाले. खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागेला उन्हाळ्यात पाणी द्यायचे असते तेव्हा या दहा टक्क्यांवर टँकर कधी सांगायचा ते ठरते.

मग ठरले की काठीवर मीटरच्या खुणांशेजारी घनमीटरच्याही खुणा रंगवायच्या: २५०, ५००, ७५०, १०००, १२५०. या खुणा कुठे येतील हे काढायला मी जो छोटा कोड लिहिला तोच पुढे नाशिकला गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत आमच्या रविवारच्या गटाला शिकवायला घेतला. गटात बीएस्सीची, डिप्लोमाची मुले आहेत. "निनावी फंक्शन", म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेले फंक्शन, हा विषय पुस्तकातून वाचून त्यांच्या गळी उतरत नव्हता. काठीच्या खुणांनी तो उतरला. म्हणून इथेही त्याच वाटेने जाऊ.

तयारी

कोणती भाषा? निनावी फंक्शन ऑक्टेव्ह, मॅटलॅब, सायलॅब, पायथन, ज्युलिया अशा आकडेमोडीच्या सगळ्या भाषांत कुठल्या ना कुठल्या रूपात भेटते. मी इथे ज्युलिया घेतो. ही भाषा २०१२ मध्ये जाहीर झाली, १.० आवृत्ती २०१८ मध्ये आली, आणि तिच्या चार मूळ निर्मात्यांत विरल शाह हे भारतीय आहेत. फुकट मिळते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. माझे कारण मात्र वेगळे आहे: ज्युलियात व्हेरिएबलला आणि फंक्शनला देवनागरी नाव देता येते, आणि निनावी फंक्शन लिहायला एकही इंग्रजी शब्द लागत नाही, नुसता बाण लागतो. त्यामुळे खालचा कोड जसा दिसतो तसाच टंकून चालवता येतो.

दोन पथ्ये पाळा. संख्या इंग्रजी अंकांतच टंकायच्या. देवनागरी अंक ज्युलिया संख्या म्हणून वाचत नाही. म्हणून कोडमध्ये अंक इंग्रजी आहेत आणि बाकी मजकुरात मराठी. दुसरे, नावे साधी ठेवा. "दर्‍या" सारख्या शब्दात काही कीबोर्ड मध्येच एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. ते नावात आले की कोड अडतो आणि चूक डोळ्यांना दिसत नाही.

विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी अक्षरे कधी कधी तुटक दिसतात. व्हीएस कोडमध्ये किंवा ज्युपिटरच्या वहीत लिहा, तिथे नीट दिसतात.

ज्युलियाची तीन अंगभूत फंक्शने आपल्याला लागणार आहेत. त्यांना एकदाच मराठी नावे देऊन टाकू:

    बेरीज = सम
    चढती = कमसम
    पहिला = फाइंडफर्स्ट

फक्त या तीन ओळींत उजवीकडचे नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंका: एस-यू-एम, सी-यू-एम-एस-यू-एम, एफ-आय-एन-डी-एफ-आय-आर-एस-टी. पहिले यादीची बेरीज करते, दुसरे चढत जाणारी बेरीज देते, तिसरे अट पाळणारी पहिली जागा शोधते. यापुढे रोमन अक्षर लागणार नाही. आणि थांबून पाहा, इथेच एक महत्त्वाची गोष्ट घडून गेली: फंक्शन ही संख्येसारखीच एक वस्तू आहे, ती दुसऱ्या नावात ठेवता येते. निनावी फंक्शनाचा सगळा डोलारा यावर उभा आहे.

पहिले निनावी फंक्शन

मामांच्या तळ्याचा तळ २० मीटर लांब, १५ मीटर रुंद. आतला उतार दीडास एक, म्हणजे एक मीटर वर गेले की बाजू दीड मीटर बाहेर सरकते. दोन्ही बाजू सरकतात, म्हणून उंचीच्या दर मीटरला लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी तीन मीटरची भर. तळापासून काही उंचीवर पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ असे:

    उ -> (20 + 3*उ) * (15 + 3*उ)

हे झाले निनावी फंक्शन. बाणाच्या डावीकडे आत येणारी गोष्ट, उजवीकडे तिचे काय करायचे ते. वाचताना "उ दिला की एवढे परत दे" असे वाचा. बाणाला "म्हणजे" म्हणू नका. रविवारच्या गटात त्या शब्दाने घोटाळा झाला होता, कारण मग मुलांना वाटते की उ ची किंमत आधीच कुठेतरी ठरली आहे. उ ला अजून काहीच किंमत नाही. ती रिकामी जागा आहे.

लगेच वापरून पाहायचे तर कंसात घालून पुढे किंमत द्या:

    (उ -> (20 + 3*उ) * (15 + 3*उ))(0)
    (उ -> (20 + 3*उ) * (15 + 3*उ))(3)

पहिल्याचे उत्तर ३००, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ. दुसऱ्याचे ६९६, म्हणजे काठाशी २९ गुणिले २४. पुन्हा पुन्हा लागणार असेल तर ते एका नावात ठेवा:

    क्षेत्रफळ = उ -> (20 + 3*उ) * (15 + 3*उ)

"नाव दिले, मग निनावी कसे?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो रास्त आहे. उजवीकडे तयार झालेल्या फंक्शनाला स्वतःचे नाव नाही. "क्षेत्रफळ" ही ते ठेवलेल्या डब्यावरची चिठ्ठी आहे. चिठ्ठी काढून दुसऱ्या डब्याला लावता येते. याउलट "क्षेत्रफळ(उ) = ..." असे लिहिले तर ते नाव फंक्शनालाच कायमचे चिकटते. दोन्ही प्रकार एकाच नावाने एकापाठोपाठ करू नका. आधी बाणाने लिहून नंतर त्याच नावाची कंसवाली व्याख्या केलीत तर ज्युलिया नाव आधीच वापरात असल्याची तक्रार करते, आणि नवशिक्याला त्यातून काही बोध होत नाही. अशा वेळी ज्युलिया बंद करून पुन्हा सुरू करा आणि एकच प्रकार ठेवा.

पायथनमध्ये हेच लिहायला "लॅम्डा" हा शब्द लागतो. तो अलोन्झो चर्च या गणितज्ञाने १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनातून आला आहे. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये @ हे चिन्ह, त्यापुढे कंसात येणारी गोष्ट आणि मग सूत्र. मॅटलॅबमध्ये ही सोय २००४ च्या सातव्या आवृत्तीत आली.

फंक्शन फंक्शनाच्या हाती देणे

आता पाणी किती ते काढू. तळ्याचे आडवे काप करायचे, प्रत्येक कापाच्या मधोमध क्षेत्रफळ घ्यायचे, कापाच्या जाडीने गुणायचे आणि सगळे मिळवायचे. संकलनाची (इंटिग्रेशनची) ही सर्वांत सोपी रीत:

    साठवण(क्षेत्र, खोली, काप) =
        बेरीज(क -> क्षेत्र((क - 0.5) * खोली / काप), 1:काप) * खोली / काप

    साठवण(क्षेत्रफळ, 3, 100)

उत्तर १४५३.४९८ च्या जवळ येते. या तळ्यासाठी हाताने संकलन करून सूत्रही काढता येते: ३०० गुणिले खोली, अधिक ५२.५ गुणिले खोलीचा वर्ग, अधिक ३ गुणिले खोलीचा घन. त्यात ३ घातले की १४५३.५ येते. शंभर कापांत दोन लिटरचा फरक, दहाच काप केले तर साधारण दोनशे लिटरचा. साडेचौदा लाख लिटरच्या तळ्यात दोन्ही चालतील, पण शंभर काप करायला संगणकाला काही कष्ट नाहीत.

सूत्र असताना ही खटपट कशाला? कारण मामांच्या शेजाऱ्यांचे तळे आयताकृती नाही. एका कोपऱ्यात खडक लागला म्हणून तिथे खोदकाम सोडून दिले आहे. त्याचे सूत्र कोण मांडत बसणार? "साठवण" मात्र बदलावे लागत नाही. नवे क्षेत्रफळ सांगणारे फंक्शन हाती दिले की झाले. काप करून मिळवण्याचे काम एका बाजूला, तळ्याचा आकार दुसऱ्या बाजूला. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या ठेवता येणे हा फंक्शन हाती देण्याचा खरा लाभ आहे.

ओळ पुन्हा वाचा. "बेरीज" च्या कंसात आणखी एक निनावी फंक्शन आहे, क घेणारे. "बेरीज" ते फंक्शन १ पासून शेवटच्या कापापर्यंत एकेका आकड्यावर चालवते आणि उत्तरे मिळवते. त्याला नाव देण्याची गरजच नाही. ते त्या एका ओळीसाठी जन्मले आणि तिथेच संपले.

इथली नेहमीची चूक: "साठवण(क्षेत्रफळ(3), 3, 100)". कंस लावला की फंक्शन चालते आणि हाती ६९६ हा आकडा जातो. मग "साठवण" आतमध्ये ६९६ ला फंक्शनासारखे बोलवू पाहते, आणि ज्युलिया सांगते की पूर्णांकाला असे बोलवता येत नाही. हा संदेश आला की समजा, कुठेतरी फंक्शन देण्याऐवजी त्याचे उत्तर दिले आहे. कंसाशिवाय नाव म्हणजे यंत्र, कंसासहित म्हणजे यंत्रातून निघालेला माल.

उलटा प्रश्न

काठीवरच्या खुणांचा प्रश्न खरे तर उलटा होता: हजार घनमीटरची खूण कुठे? म्हणजे साठवण माहीत, खोली शोधायची. यासाठी दुभागण्याची रीत वापरू. दोन टोके घ्यायची, एकाला पाणी कमी, दुसऱ्याला जास्त. मधला बिंदू पाहायचा. तिथे कमी पडले तर वरचा अर्धा भाग ठेवायचा, नाहीतर खालचा. टोकांमधले अंतर एका मिलिमीटरहून कमी झाले की थांबायचे.

    दुभाग(फ, डावे, उजवे) = उजवे - डावे < 0.001 ? डावे :
        फ((डावे + उजवे) / 2) < 0 ? दुभाग(फ, (डावे + उजवे) / 2, उजवे) :
        दुभाग(फ, डावे, (डावे + उजवे) / 2)

प्रश्नचिन्हाच्या आधी अट, नंतर अट खरी असल्यास काय, अपूर्णविरामानंतर (:) खोटी असल्यास काय. दोन्ही चिन्हांच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडा, ज्युलियाला ती लागते. ही रीत चालायला फ चे उत्तर डाव्या टोकाला ऋण आणि उजव्या टोकाला धन हवे.

आता पाहा अडचण कुठे येते. "दुभाग" ला असे फंक्शन हवे ज्यात एकच गोष्ट आत जाते आणि उत्तर शून्य कुठे होते ते शोधायचे असते. आपल्याकडचे "साठवण" तीन गोष्टी मागते आणि शून्याशी तिचा संबंध नाही. दोघांचे सांधे जुळत नाहीत. तो सांधा निनावी फंक्शन जुळवते:

    दुभाग(ख -> साठवण(क्षेत्रफळ, ख, 100) - 1000, 0, 3)

उत्तर २.२९ च्या किंचित वर. हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर, काठीवर २ मीटर २९ सेंटीमीटरला.

मला विचाराल तर आकडेमोडीच्या कोडात निनावी फंक्शनाचा नव्वद टक्के उपयोग हाच आहे. ऑक्टेव्हचे शून्य शोधणारे फंक्शन असो, पायथनच्या सायपाय या लायब्ररीतले संकलन असो, विकलक समीकरण सोडवणारे असो, त्यांची मागणी ठरलेली असते: "मला अमुक एवढ्याच गोष्टी घेणारे फंक्शन द्या." आपल्या सूत्रात तर सात गोष्टी असतात. बाकीच्या सहा आत बंद करून एकच उघडी ठेवायची. नवीन माणूस इथे ग्लोबल व्हेरिएबलांचा ढीग करतो किंवा तयार फंक्शनाच्या आत जाऊन खोडाखोड करतो. दोन्हींची गरज नाही.

एकदा हे जमले की काठी रंगवायला घेऊ:

    खूण = घमी -> दुभाग(ख -> साठवण(क्षेत्रफळ, ख, 100) - घमी, 0, 3)
    खूण.([250, 500, 750, 1000, 1250])

"घमी" म्हणजे घनमीटर. "खूण" नंतरचा टिंब विसरू नका. टिंब म्हणजे यादीतल्या एकेकावर चालव. उत्तरे सेंटीमीटरमध्ये साधारण अशी: ७३, १३३, १८४, २२९, २७०. खुणांमधले अंतर वर जाताना कमी होत जाते, कारण तळे वर रुंद आहे. मामांनी काठी पाहिल्यावर आकड्यांआधी हेच पाहिले आणि म्हणाले, "वरच्या खुणा दाटल्यात, म्हणजे बरोबर आहे." असा ताळा कोड लिहिणाऱ्यानेही घ्यावा. उत्तराचा आकार डोळ्यांनी पटतो का ते आधी बघा, दशांश नंतर.

आतल्या फंक्शनाने बरोबर काय नेले?

"खूण" च्या ओळीत दोन बाण आहेत. आतले फंक्शन ख घेते, पण त्यात "घमी" सुद्धा आहे, जे त्याने घेतलेले नाही. ते बाहेरच्या फंक्शनाकडून आले. आतले फंक्शन तयार होताना भोवतालचे "घमी" आपल्याबरोबर घेऊन निघाले. "दुभाग" ला या "घमी" चा पत्ताही नाही, तरी काम होते.

हे बरोबर नेणे नीट समजले की निनावी फंक्शन समजले. आणि चुका होतात त्याही इथेच. पुढचे उदाहरण द्राक्षाचे घेतो.

पिकाच्या वाढीचा हिशेब करताना दिवसाच्या सरासरी तापमानातून एक पायाभूत तापमान वजा करतात आणि उरलेले अंश दिवसागणिक मिळवत जातात. द्राक्षासाठी हा पाया सर्रास १० अंश धरतात. निफाडला थंडीत पारा खाली गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्या दिवसांत या बेरजेत फारशी भर पडत नाही आणि मण्यांची फुगवण रेंगाळते. आता हे टंका:

    पाया = 10
    ऊब = स -> स - पाया
    पाया = 5
    ऊब(17)

उत्तर ७ की १२? ज्युलिया १२ देते. इथे "पाया" सर्वांत बाहेरच्या पातळीवर, म्हणजे ग्लोबल आहे, आणि फंक्शन चालवण्याच्या क्षणी त्याची जी किंमत असेल ती घेतली जाते. पायथनही १२ देते. पण हेच चार ओळींचे काम ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये केले तर ७ येते! तिथे निनावी फंक्शन तयार होण्याच्या क्षणी "पाया" ची किंमत टिपून घेते आणि नंतर बाहेर काहीही बदलले तरी आपल्या टिपणाला धरून राहते.

दोन्ही वागणुकी आपापल्या जागी योग्य आहेत. घात होतो तो एका भाषेची सवय दुसरीत नेल्यावर. ऑक्टेव्हमध्ये वरची किंमत बदलायची आणि फंक्शनाची ओळ पुन्हा न चालवता आलेख काढायचा, की आलेख जुन्याच किमतीचा येतो. पायथनमध्ये उलट: फंक्शन बनवून ठेवायचे, पुढे शंभर ओळींनी त्याच नावाला दुसरी किंमत द्यायची, आणि जुने फंक्शन गुपचूप बदललेले असते. दोन्ही वेळा लाल अक्षरांत काहीही उमटत नाही. फक्त उत्तर चुकते.

ज्युलियात किंमत पक्की बांधायची तर फंक्शन बनवून देणारे फंक्शन लिहा:

    ऊब_कर(पाया) = स -> स > पाया ? स - पाया : 0.0

    द्राक्ष = ऊब_कर(10)
    गहू = ऊब_कर(5)

इथला "पाया" बाहेरचा ग्लोबल नव्हे, "ऊब_कर" च्या स्वतःच्या घरातला आहे. प्रत्येक वेळी नवे घर, नवा पाया. "द्राक्ष" आणि "गहू" दोघे आपापला पाया घेऊन निघतात आणि बाहेर कुणी "पाया" ला हात लावला तरी त्यांना धक्का लागत नाही. सरासरी पायापेक्षा कमी असेल तर शून्य धरायचे, तेही आत आले.

सहा दिवसांची सरासरी तापमाने घेऊ. उदाहरणासाठी मीच ठरवलेली आहेत, तुम्ही आपल्या गावची घाला:

    सरासरी = [17.0, 16.25, 18.5, 20.5, 21.0, 14.5]
    द्राक्ष.(सरासरी)
    बेरीज(द्राक्ष, सरासरी)
    पहिला(ए -> ए >= 30, चढती(द्राक्ष.(सरासरी)))

दुसऱ्या ओळीनंतर रोजची ऊब येते: ७, ६.२५, ८.५, १०.५, ११, ४.५. बेरीज ४७.७५. शेवटची ओळ सांगते की तीस अंशांचा टप्पा चौथ्या दिवशी ओलांडला. "ए -> ए >= 30" हे इवलेसे फंक्शन बघा. अट स्वतःच एक फंक्शन झाली आहे. "गहू" घेऊन बेरीज केली तर ७७.७५ येते, रोज पाच अंश जास्त, सहा दिवसांचे तीस, ताळा जुळतो.

आता अनेक पाये एकदम:

    यंत्रे = ऊब_कर.([5, 8, 10])
    (य -> य(15)).(यंत्रे)

उत्तर १०, ७, ५. "यंत्रे" ही फंक्शनांची यादी आहे आणि दुसऱ्या ओळीत आपण प्रत्येक यंत्राला १५ खाऊ घातले. पायथनमध्ये हेच काम फेऱ्यांच्या (लूपच्या) आत लॅम्डा लिहून करायला गेलात तर तिन्ही यंत्रे ५ देतात, कारण तिघेही एकाच व्हेरिएबलकडे बोट दाखवतात आणि फेऱ्या संपल्या तेव्हा त्यात १० उरलेले असते. तिथला उपाय असा की लॅम्डात आत येणाऱ्या गोष्टींच्या यादीत तीच किंमत ठरावीक (डीफॉल्ट) किंमत म्हणून लिहून टाकायची, म्हणजे ती तिथल्या तिथे टिपली जाते. ज्युलियाच्या फेऱ्यांत हा त्रास नाही. प्रत्येक फेरीला नवे व्हेरिएबल मिळते.

टिंबाची चूक, जी बोलत नाही

    वर्ग = क -> क^2
    वर्ग([1 2; 3 4])
    वर्ग.([1 2; 3 4])

मधल्या ओळीला ७, १०, १५, २२ हे आकडे असलेला चौरस येतो. शेवटच्या ओळीला १, ४, ९, १६. मधल्या ओळीत मॅट्रिक्सला मॅट्रिक्सने गुणले गेले, आणि ते गणिताने अगदी योग्य आहे. फक्त आपल्याला ते नको होते. साधी यादी दिली असती तर चूक दाखवली गेली असती, चौरस दिल्यामुळे ती लपली. ऑक्टेव्हमध्येही हेच होते; तिथे टिंब सूत्राच्या आत, ^ च्या आधी लावतात. ज्युलियात मी सांगेन की सूत्र एका संख्येसाठीच लिहा आणि टिंब बोलावताना लावा. सूत्र वाचायला स्वच्छ राहते आणि टिंब शोधायची जागा एकच उरते.

नाव केव्हा द्यावे

माझा नियम असा: फंक्शन एका ओळीत मावत नसेल, किंवा दुसऱ्यांदा लागले, तर नाव द्या. आणखी एक कारण आहे, जे चूक झाल्यावरच कळते. कोड कोसळला की ज्युलिया कोणत्या फंक्शनात कोसळला ते सांगते, पण निनावी फंक्शनाच्या जागी # आणि एक आकडा एवढेच दिसते. पायथनमध्ये नुसते "लॅम्डा" दिसते. अशी आठ-दहा निनावी फंक्शने एकात एक अडकवली असतील तर त्या ढिगात नेमके कोणते बिघडले ते शोधण्यात दुपार जाते. "खूण" मध्ये दोन बाण एकात एक आहेत. माझ्या मते तिथवर ठीक. तिसरा बाण घालावासा वाटला तर आतला तुकडा बाहेर काढा आणि त्याला नाव द्या.

वेगाबद्दल थोडे. ज्युलियाची ०.५ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, निनावी फंक्शन खरोखर मंद चाले, आणि जुन्या लेखांत ते टाळण्याचा सल्ला अजून सापडतो. तो आता सोडून द्या. नाववाल्या आणि निनावी फंक्शनाच्या वेगात फरक राहिलेला नाही. मंदपणा येतो तो दोन ठिकाणांहून. एक, निनावी फंक्शनाने बाहेरचे ग्लोबल वापरले तर. त्याचा प्रकार कधीही बदलू शकतो म्हणून ज्युलिया सावधपणे, हळू चालते. दोन, बरोबर नेलेल्या व्हेरिएबलला नंतर पुन्हा नवी किंमत दिली तर. "ऊब_कर" सारखे लिहिले की दोन्ही आपोआप टळतात. ऑक्टेव्हमध्ये आणि पायथनमध्ये मात्र लाखो वेळा निनावी फंक्शन बोलावणे महाग पडते. तिथे सगळी यादी एकदम सूत्रात घाला.

आता तुमचे तळे

वर "खूण" मध्ये मामांच्या तळ्याची मापे पक्की बसली आहेत. "खूण_कर(लांबी, रुंदी, उतार, खोली)" असे फंक्शन लिहा, जे कोणत्याही तळ्यासाठी "खूण" बनवून देईल. "ऊब_कर" समोर ठेवा आणि क्षेत्रफळाचा तुकडा आधी वेगळा काढा, म्हणजे तिसरा बाण टळेल. उंचीच्या दर मीटरला लांबी-रुंदीत पडणारी भर उताराच्या दुप्पट असते, हे सूत्रात आणायला विसरू नका.

ताळ्यासाठी २५ बाय २५ मीटर तळाचे, एकास एक उताराचे, साडेतीन मीटर खोल तळे घ्या आणि त्याची हजार घनमीटरची खूण काढा. उत्तर १.४३ मीटरच्या आसपास यायला हवे. १.६ आले तर तुमच्या कोडात उतार कुठेतरी निसटला आहे. क्षेत्रफळाच्या फंक्शनाला एकट्याने ० आणि ३.५ देऊन पाहा, दोन्हींना ६२५ च येत असेल तर चूक तिथे आहे.